घोरपड नुसती बसून आहे म्हणजे शांत आहे, असं नाही

वन्यजीव उपचार केंद्रात किंवा प्राणिसंग्रहालयाच्या सरीसृप विभागात नव्याने आलेली मुलं घोरपडीबद्दल पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी सांगतात. एक, "सर, ही एकदम शांत आहे, हात लावला तरी काही करत नाही." दुसरी, "सर, ही फार रागीट आहे, जवळ गेलं की फुसफुसते." गंमत अशी की दोन्ही बातम्या बऱ्याचदा एकाच जनावराच्या असतात. पहिली सकाळी आठची, दुसरी दुपारी बाराची. मधल्या वेळात तिचा स्वभाव बदललेला नसतो, अंग तापलेलं असतं.

हा लेख अशा नव्या मंडळींसाठी आहे: कीपर, स्वयंसेवक, सर्पमित्र, पशुवैद्यकीचे विद्यार्थी. बंदिस्त घोरपड खोलीत कशी वागते, उघड्या आवारात कशी वागते, आणि तिच्या वागण्यावरून पिंजऱ्यात काय कमी आहे ते कसं ओळखायचं, एवढाच विषय. उदाहरणं मुख्यतः आपल्या नेहमीच्या घोरपडीची, म्हणजे व्हॅरानस बेंगालेन्सिसची. परदेशात राहणारी काही मराठी घरं परवाना काढून सवाना मॉनिटर किंवा ॲकी मॉनिटर या परदेशी जातींच्या घोरपडी पाळतात. त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी कागद

भारतात घोरपडीच्या चार जाती आहेत: नेहमीची, पिवळी, वाळवंटी आणि पाणघोरपड. चारही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच घोरपडीला. घरी पाळणं, पकडणं, विकणं, तेल काढणं, सगळा गुन्हा. तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. 'हत्था जोडी' नावाची जी वाळकी मुळी देवघरात ठेवायला विकतात, ती वनस्पतीची मुळी नसून नर घोरपडीचं सुकवलेलं जननेंद्रिय असतं. कुणी भाविकपणे घरात ठेवली असेल तर त्यालाही हे सांगा.

विहिरीत पडलेली, गाडीखाली आलेली किंवा कुत्र्यांनी धरलेली घोरपड सापडली तर वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे. "दोन दिवस घरी ठेवतो, बरी झाली की सोडतो" हा उद्योग मनापासून केलेला असला तरी बेकायदा आहे, आणि दोन दिवसांत ती बरी होत नाही. परदेशी जातीची घोरपड भारतात कुणाकडे असेल, तर २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर तिची नोंद लागते.

पहिली पायरी: आल्या आल्या काहीच करू नका

नवीन आलेली घोरपड तपासून झाली, जखमांवर उपचार झाले, की तिला क्वारंटाइनच्या खोलीत ठेवतात. इथे नव्या माणसाची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे त्याचा उत्साह. दर अर्ध्या तासाला जाऊन बघायचं, मोबाइल काढायचा, अंडं पुढे सरकवायचं. त्यापेक्षा तिला अंग जेमतेम मावेल अशी अंधारी लपण द्या. घोरपडीला ऐसपैस लपण आवडत नाही; पाठ आणि दोन्ही कुशी भिंतींना टेकल्या की ती सैल होते. मोठं मोकळं खोकं दिलंत तर ती त्याच्या मागच्या फटीत जाऊन बसेल. अर्ध्यात कापलेला जाड पीव्हीसी पाइप, एकावर एक रचलेल्या फळ्या, पालथा कौलाचा ढीग, यातलं काहीही चालतं.

पहिल्या काही दिवसांत ती खाणार नाही. धडधाकट मोठी घोरपड आठवडाभर उपाशी राहिली तर काही बिघडत नाही. पाणी मात्र हवं, आणि तेही अंग बुडेल एवढ्या पसरट टबात. अनेक घोरपडी आल्या आल्या पाण्यात शिरून तासन् तास पडून राहतात. बऱ्याच वेळा त्या कोरड्या पडलेल्या असतात, काही वेळा पाणी ही त्यांना सापडलेली एकमेव लपण असते. दुसरी चांगली लपण दिल्यावर टबातला मुक्काम संपला, तर कारण कोणतं होतं ते कळलं. खोली गरम असूनही टबातून उठत नसेल तर डॉक्टरांना सांगा. अंगावर गोचिड्या आहेत का तेही बघा.

दुसरी पायरी: उष्णता मोजायला शिका, मग वागणं वाचा

घोरपडीच्या वागण्याचं निम्म्याहून जास्त गणित इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

उन्हात फिरणाऱ्या बहुतेक घोरपडी अंगाचं तापमान ३५ अंशांच्या आसपास आणतात आणि मगच कामाला लागतात. कामाला लागणं म्हणजे जीभ काढत फिरणं, पालापाचोळा उकरणं, झाडावर चढणं, पचवणं, आणि हो, भांडणंसुद्धा. त्याखाली अंग असताना ती नुसती असते. हिवाळ्यात सकाळी पोत्यातून काढलेली घोरपड हातावर पडून राहते ती प्रेमाने नव्हे, तिला पळताच येत नाही.

खोलीत तापायला दिवा लागतो. नेहमीची मांडणी म्हणजे छताला एक बल्ब, त्याखाली एक दगड. टेम्परेचर गनने दगड मोजला की आकडा छान येतो आणि सगळे खूश होतात. पण आता घोरपड त्याखाली बसलेली असताना तिच्या पाठीचं तापमान तीन ठिकाणी मोजून बघा: मान, पाठीचा मध्य, शेपटीचं बूड. मीटरभर लांबीच्या जनावरावर बशीएवढा उजेडाचा गोल पडत असेल तर पाठीचा मध्य भाजतो आणि बाकीचं अंग थंड राहतं. मग ती दिवसभर दिव्याखालून हलत नाही. नवा कीपर वहीत लिहितो, "बास्किंग (ऊब घेत बसणं) चांगलं करते." खरं म्हणजे तिचं तापणं पूर्णच होत नाही. अशा जनावरांच्या पाठीवर कालांतराने भाजल्याचा चट्टाही दिसतो.

उपाय स्वस्त आहे. एका मोठ्या बल्बऐवजी दोन ते चार हॅलोजन फ्लड बल्ब शेजारीशेजारी लावा, म्हणजे नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत सगळं अंग उजेडात येईल. बसायच्या जागेचा पृष्ठभाग आपल्या घोरपडीसाठी ४५ ते ५५ अंश, ॲकीसाठी त्याहून थोडा वर. खोलीचं दुसरं टोक मात्र २५ ते २८ वरच राहिलं पाहिजे. दोन्ही टोकं सारखीच गरम झाली तर तिला निवडच उरत नाही. बल्बला जाळी लावा, कारण ती त्याच्यावर चढायचा प्रयत्न करणारच.

आता बघा काय होतं. मांडणी जमली की ती सकाळी येते, फासळ्या पसरून अंग चपटं करते, अर्ध्या-पाऊण तासात उठते आणि निघून जाते. हे उठून जाणं ही तुमची पावती. दिवसभर दिव्याखाली असेल तर उष्णता कमी पडतेय. दिव्याखाली कधीच येत नसेल तर एक तर खोलीच फार गरम आहे, नाहीतर दिव्याची जागा उघड्यावर, माणसांच्या वाटेवर आहे आणि तिला तिथे भीती वाटते. तोंड उघडं ठेवून गळा फडफडवत असेल तर ताबडतोब गारवा द्या. तेच जर ती थंड कोपऱ्यात असताना तोंड उघडून श्वास घेत असेल, नाकातोंडाशी फेस किंवा शेंबूड असेल, तर तो फुफ्फुसाचा आजार असू शकतो. उशीर करू नका.

खिडकीतल्या उन्हाबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. काचेतून उजेड आणि उष्णता येते, पण अंगात ड जीवनसत्त्व तयार करणारे यूव्हीबी किरण काच जवळजवळ सगळे अडवते. तेव्हा खिडकीपाशी ठेवलं म्हणजे ऊन मिळालं, असं धरू नका. बंद काचेची टाकी उन्हात ठेवणं तर सरळ जीवघेणं आहे.

तिसरी पायरी: अंगाची भाषा

जीभ. फिरताना जीभ सतत आत-बाहेर होत असेल तर ती वास 'वाचतेय', जनावर ठीक आहे. जीभ थांबली, मान ताठ झाली आणि एक डोळा तुमच्यावर खिळला, की तुम्ही जास्त जवळ आलात.

गळा. इथे नवी माणसं हमखास फसतात. घाबरलेली घोरपड गळ्याची पिशवी फुगवून मोठी करते, फुसफुसते, अंग आडवं धरते. पण चालून थांबलेली घोरपडही गळा लयीत खालीवर करते. ती धमकी नसते. चालताना सरड्यांच्या फासळ्यांचे स्नायू चाल आणि श्वास एकाच वेळी नीट सांभाळू शकत नाहीत. घोरपड गळ्याचा भाता वापरून जादा हवा फुफ्फुसांत ढकलते. सवाना मॉनिटरवर १९९९ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं गेलं. फरक ओळखायची खूण सोपी: श्वासाचा गळा हलत राहतो, धमकीचा गळा फुगून तसाच राहतो आणि सोबत आवाज असतो.

शेपूट. धनुष्यासारखी बाजूला वळवलेली शेपूट म्हणजे फटका तयार आहे. मोठ्या घोरपडीचा फटका पोटरीवर वळ उठवतो, डोळ्याला लागला तर गंभीर. ती शेपूट, नखं, आणि गुदद्वारातून सोडलेली घाण, या सगळ्यांनंतर चावते. म्हणजे चावा हा तिचा शेवटचा उपाय असतो, आणि आधीच्या सूचना आपण वाचलेल्या नसतात. चावलीच तर ओढू नका. ती धरून ठेवते आणि ओढण्यानेच जखम फाटते. सुटल्यावर साबण लावून वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवा, दवाखान्यात जा, धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा. न चावलेल्या दिवशीही हात धुवा, कारण घोरपडीच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

निपचित पडणं. सवाना मॉनिटर कधीकधी मेल्याचं सोंग घेतो. आपली घोरपड बहुधा पळते किंवा फटीत शिरून अंग फुगवून घट्ट रुतते. फटीतून तिला ओढून काढायची कुस्ती करू नका. नखं तुटतात, शेपटीचे मणके दुखावतात. दिवा बंद करा, थांबा. थोडी थंड झाली की आपोआप सैल पडते.

चौथी पायरी: येरझाऱ्या

खोलीतल्या घोरपडीबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे काचेला किंवा जाळीला नाक लावून सतत फेऱ्या मारणं. नाकाच्या टोकावरचे खवले घासून आधी पांढरे, मग लाल होतात, पुढे कायमची इजा होते. तिला ढकलून मागे सारण्यात किंवा नाकाला रोज मलम लावण्यात अर्थ नाही. ती जिथे घासते तिथे जमिनीवर पोटावर झोपा आणि तिच्या उंचीवरून बाहेर बघा. हे सुचवलं की नवी मुलं हसतात, पण झोपल्यावर कारण दिसतं: दाराखालून येणारा उजेड, शेजारच्या पिंजऱ्यातला नर, किंवा ज्या बाजूने अन्नाची बादली येते ती बाजू.

कारण कळलं की उपाय ठरतो. काचेच्या खालच्या फूट-दीड फुटाला आतून अपारदर्शक पट्टा लावा. दिसत नाही तिथे ती कमी धडकते. शेजारचा नर दिसत असेल तर मधली बाजू पूर्ण झाका. अन्नाची वाट बघत असेल तर अन्नाची वेळ आणि दिशा बदलत ठेवा. आणि मजल्यावरच्या मोकळ्या फरशीऐवजी दीड-दोन फूट खोल माती द्या. हे शेवटचं वाक्य लोक टाळतात, कारण माती साफ करणं जड जातं. टाइल्सवर ठेवलेली घोरपड साफ दिसते, कागदावर छान दिसते, आणि दिवसभर भिंती खरवडते. उकरणं हा घोरपडीचा छंद नसून पोटापाण्याचा धंदा आहे. मातीत थोडी वाळू मिसळा, खालचा थर ओलसर आणि वरचा कोरडा ठेवा. मूठ दाबली की गोळा व्हावा, पाणी निघू नये. तिने स्वतः बीळ केलं आणि ते टिकलं तर हवेतल्या ओलाव्याचाही प्रश्न सुटतो. कोरड्या खोलीत वर्षानुवर्षं ठेवलेल्या सवाना मॉनिटरना मूत्रपिंडाचे आजार होतात, त्यामागे हेच एक मोठं कारण आहे.

मादी असेल आणि फेऱ्यांबरोबर जागोजागी उकरून सोडून देत असेल, खाणं थांबलं असेल, पोटाच्या कडा भरलेल्या दिसत असतील, तर प्रश्न वेगळा आहे: अंडी. आपल्याकडे पावसाळा आणि त्याच्या आसपासचा काळ यासाठी महत्त्वाचा. तिला खोल, ओलसर, ऊबदार माती मिळाली नाही तर ती अंडी अडवून ठेवते, आणि त्यातून मादी दगावू शकते. एकटी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नराशिवायही माद्या अंडी घालतात. कोमोडो ड्रॅगन या जगातल्या सगळ्यात मोठ्या घोरपडीत तर २००६ साली इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयातल्या फ्लोरा नावाच्या मादीची अंडी नराचा संबंध न येता फलित निघाली होती.

पाचवी पायरी: बाहेरच्या आवारात सोडताना

ज्या घोरपडीला पुढे जंगलात सोडायचं आहे, किंवा जी कायमची जायबंदी म्हणून संग्रहालयात राहणार आहे, दोघींनाही बाहेरचं आवार उपकारक. पण बाहेर काढलं की त्याच जनावराची वेगळीच कुंडली उघडते, तेव्हा तयारीने काढा.

भिंत आधी. आपली घोरपड उत्तम चढते आणि उत्तम उकरते. भिंतीची आतली बाजू गुळगुळीत हवी, वरच्या काठाला आत झुकलेला पत्रा हवा, आणि पाया किमान दोन फूट खाली गेलेला हवा. भिंतीलगत झाड, फांदी, वेल, रचलेला दगड, पाण्याचा पाइप काहीही ठेवू नका. कोपरे गोल केलेले बरे; नव्वद अंशाच्या कोपऱ्यात दोन्ही भिंतींना पाय रेटून ती वर सरकते. पाणी वाहून जायच्या मोरीला जाळी हवी. आणि पिल्लं ठेवणार असाल तर वरूनही जाळी लागते, नाहीतर कावळे आणि घारी रोज हजेरी लावतील. मुंगूस आणि भटकी कुत्री मोठ्यांनाही सोडत नाहीत.

आत: दोन-तीन बिळं, उंच ओंडका, सावलीचं झुडूप, पाण्याचं टाकं, आणि सकाळचं पहिलं ऊन पडेल अशी एक उघडी जागा. ही जागा ठरवायला सूर्योदयानंतर तासभर तिथे उभं राहा. उन्हाळ्यात ठरवलेली जागा डिसेंबरात सावलीत जाते, कारण सूर्य दक्षिणेकडे सरकतो; दोन्ही ऋतूंचा विचार करा.

बाहेर काढायचा हंगाम म्हणजे रात्री उबदार असतात तो. नाशिक-नागपूरकडे भर थंडीत खोलीतली घोरपड बाहेर सोडू नका. आतली खोली आणि बाहेरचं आवार यांच्यामधलं दार उघडं ठेवून तिला तिच्या मर्जीने जाऊ द्या. काही पहिल्याच दिवशी बाहेर पडतात, काही उंबऱ्यावर डोकं ठेवून चार दिवस नुसत्या बघतात.

हा उंबऱ्यावरचा प्रकार खरोखर बघण्यासारखा असतो. थंडीच्या सकाळी बिळाच्या तोंडाशी आधी फक्त नाक दिसतं. मग डोळे. डोकं उन्हात, बाकी अंग आत, अशी ती बराच वेळ असते. जीभ नाही, हालचाल नाही. मग एकदम हातभर पुढे येते, थांबते, अंग उन्हाच्या रेषेला आडवं करते, फासळ्या पसरते. कातडी काळपट दिसते. ऊन चढत जातं तसे डोळे अधिक उघडतात, आणि पहिली जीभ बाहेर येते तेव्हा समजायचं की दुकान उघडलं. यानंतर लगेच कुणी जवळ गेलं तर ती धावते; पाच मिनिटं आधी गेलं असतं तर बिळात मागे सरकली असती. खोलीत दिवा टायमरवर खट्‌कन लागतो, त्यामुळे हा अर्धा तास आत कधी दिसतच नाही.

बाहेर दुसरी गोष्ट दिसते ती रस्ते. काही दिवसांत आवारात पायवाटा पडतात: बीळ ते ऊन, ऊन ते ओंडका, ओंडका ते पाणी. मे महिन्यात ती सकाळी लवकर फिरून घेते, दुपारी गायब असते, उतरत्या उन्हात पुन्हा एक फेरी मारते. पाहुणे दुपारी दोनला येऊन "रिकामा पिंजरा" म्हणून जातात, त्याला इलाज नाही. पहिल्या पावसानंतर मात्र आवार जागं होतं. भिजलेल्या मातीचा वास, वर आलेले किडे, गोगलगायी, आणि घोरपड नाक खुपसून उकरत सुटते. खोलीतही पाण्याचा फवारा मारून याची थोडी नक्कल करता येते.

थंडीत उलट. बाहेरची घोरपड दिवसचे दिवस बिळात राहते, खात नाही. तिला उकरून काढून खायला घालू नका. पोटात अन्न आणि अंग थंड, म्हणजे अन्न पचत नाही, आतच कुजतं. ऊन चांगलं पडेल अशा सलग दिवसांचा अंदाज असेल तेव्हाच खाणं द्या. आतल्या गरम खोलीतलीला हा नियम नाही, पण वीज जाण्याचा हिशेब करा. पोटभर जेवलेल्या जनावराची खोली रात्रभर थंड पडली तर तोच प्रकार.

एकत्र ठेवण्याबद्दल

शक्यतो ठेवू नका. जागेअभावी ठेवावंच लागलं तर बास्किंगच्या जागा जनावरांच्या संख्येपेक्षा एकाने जास्त हव्यात, आणि एका जागेवरून दुसरी दिसू नये. दबलेली घोरपड भांडत नाही, ती नुसती दिसेनाशी होते. वजनाच्या वहीत मात्र तिची घसरण दिसते. पावसाळ्यात दोन घोरपडी मागच्या पायांवर उभ्या राहून एकमेकींना मिठी मारलेल्या दिसल्या तर बघणारे "प्रणय चाललाय" म्हणून व्हिडिओ काढतात. ते दोन नर असतात आणि ती कुस्ती असते. जंगलात हरलेला निघून जातो, पिंजऱ्यात जायला जागा नसते. तुमचं काम व्हिडिओ काढण्याचं नाही, मधलं दार उघडण्याचं आहे.

सहावी पायरी: खाणं आणि डोक्याला काम

घोरपड म्हटलं की लोक उंदीर आणि कोंबडीची अंडी आणतात. जंगलात आपली घोरपड भुंगेरे, अळ्या, गोगलगायी, खेकडे असलं खूप काही खाते. मोठं सावज त्यामानाने क्वचित. रोज उंदीर खाणारी बंदिस्त घोरपड वर्षभरात पिंपासारखी होते आणि मग बसूनच राहते. तेव्हा किडे जास्त, उंदीर कमी, अंडं कधीतरी.

ताटात वाढू नका. पाल्यात विखरा, ओंडक्याच्या भेगेत ठेवा, मातीत पुरा. घोरपडीला कोडी जमतात. अमेरिकेत डॅलस प्राणिसंग्रहालयात आठ तरुण काळ्या गळ्याच्या घोरपडींना पारदर्शक नळीत उंदीर ठेवून दिले होते. नळीला बिजागरीची झाकणं होती. आठही जणींनी दहा मिनिटांच्या आत झाकण उघडलं, आणि दुसऱ्या खेपेला वेळ बराच कमी लागला. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वॉशिंग्टनच्या नॅशनल झूमध्ये क्रॅकन नावाची कोमोडो मादी तर कीपरच्या खिशातला रुमाल ओढून काढायची, बूट घेऊन खेळायची, आणि ते अन्न नाही हे तिला पक्कं कळत होतं. आपल्याकडे झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा आणि आत झुरळं, एवढ्यावर सुरुवात होते.

कायमच्या रहिवाशांना 'टार्गेट'ची सवय लावता येते. काठीच्या टोकाला रंगीत चेंडू बांधा. चेंडूला नाक लावलं की चिमट्याने तुकडा. हळूहळू चेंडूमागे ती वजनकाट्यावर, पिंजऱ्याबाहेरच्या पेटीत, डॉक्टरांच्या जाळीपाशी आपणहून येते. पोतं टाकून धरण्यापेक्षा हे दोघांनाही सुखाचं. बोटांनी कधीच भरवू नका. हाताचा वास आणि अन्नाचा वास तिच्या डोक्यात एक झाला की तुमचा हातच टार्गेट होतो. सोडायच्या जनावराला मात्र यातलं काहीही शिकवायचं नाही. तिच्या पिंजऱ्यात माणूस दिसला की पळावं, हेच बरोबर; अशीला "रागीट" म्हणून नाव ठेवू नका.

वही

दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी काही मिनिटं, दाराआडून. वेळ, ती कुठे आहे, काय करतेय, त्या जागेचं तापमान. बस. "शांत", "आनंदी", "चिडलेली" हे शब्द वहीत नकोत. "१०.४०, ओंडक्याखाली, जीभ नाही, डोळे मिटलेले, २४ अंश" एवढं लिहिलंत की डॉक्टर त्यावरून काहीतरी ठरवू शकतात. आठवड्याला वजन, महिन्याला शेपटीच्या बुडाचा घेर. विष्ठा कधी, आणि सोबतचा पांढरा भाग मऊ की खडूसारखा कोरडा. कोरडा असेल तर पाणी कमी पडतंय.

आणि पळाली तर

एखादी कधीतरी पळतेच. आरडाओरडा करून गर्दी जमवू नका. गर्दीत ती झाडावर किंवा गटारात जाते. पहिला शोध पिंजऱ्याच्या अगदी जवळचा: रचलेल्या विटा, पत्र्याचा ढीग, नाल्याचा पाइप, सगळ्यात जवळचं पोकळ झाड. अंधार पडला की शोध थांबवा, ती कुठेतरी रुतून बसलेली असते आणि रात्रभर हलणार नाही. वनखात्याला आणि वरिष्ठांना कळवा, कुत्री बांधून घ्या. दुसऱ्या दिवशी सूर्योदयापासून पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंती, पायऱ्या आणि ढिगारे बघत बसा, जाळं आणि पोतं हाताशी ठेवून. तापायला ती उन्हात येणारच, आणि तोपर्यंत तिचं अंग थंड असेल.